बाईंनी पेशी पाहिली, त्याची गोष्ट

शास्त्राच्या बाई आयुष्यात फार खोटं बोलल्या नाहीत. नवऱ्याला "आत्ता निघालेच" आणि सासूबाईंना "छान झालंय" यापलीकडे त्यांची मजल गेली नव्हती, आणि ही दोन वाक्यं संसारात खोट्यात धरतच नाहीत. त्यामुळे निवृत्तीला अवघे सव्वीस दिवस उरले असताना, भर वर्गात, एक्केचाळीस मुलींच्या देखत त्या धडधडीत खोटं बोलल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांचं त्यांनाच वाटलं.

झालं असं. नववीच्या वर्गावर पेशीचा धडा चालला होता. हा धडा म्हणजे बाईंचं राखीव कुरण. एकतीस वर्षं त्यांनी तो शिकवला होता आणि दरवर्षी त्यासाठी रंगीत खडूंची वेगळी पेटी घरून आणली होती. फळ्यावर आधी एक ताटाएवढं गोल. त्याच्या मधोमध गुलाबी केंद्रक. भोवती हिरव्या टिकल्या, म्हणजे हरितलवकं. पिवळ्या रंगात तंतुकणिका. निळ्या रंगात एक ऐसपैस रिक्तिका. चित्र इतकं देखणं व्हायचं, की नंतरच्या तासाला येणाऱ्या गणिताच्या बाई ते पुसायला कचरायच्या आणि कोपऱ्यातल्या वीतभर जागेत समीकरणं मांडायच्या.

चित्रासोबत गोष्टही ठरलेली. तीनशे वर्षांपूर्वी रॉबर्ट हूक नावाच्या माणसाने बुचाचा एक पातळ काप घेतला, तो आपल्या सूक्ष्मदर्शीखाली ठेवला आणि त्याला दिसल्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या लहान लहान खोल्या. बाई इथे आवाज खाली आणत. "रिकाम्या खोल्या, मुलींनो. भाडेकरू केव्हाच गेलेले. बूच म्हणजे मेलेली साल. हूकने पाहिल्या त्या नुसत्या भिंती. पण त्या भिंतींना त्याने नाव दिलं आणि ते नाव राहिलं." मग दुसरा तो कापडाचा व्यापारी, लेवेनहूक, ज्याने घरी भिंगं घासून स्वतःच्या दातांवरचा मळ पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव बघून थक्क झाला. इथे वर्गात "ईऽऽ" व्हायचं. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी "ईऽऽ" झालं आणि ते विरायच्या आत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला सगळी शाळा 'प्रश्नपत्रिका' म्हणायची. का, ते सांगायला नको.

"बाई, तुम्ही पाहिलीय पेशी? स्वतःच्या डोळ्यांनी?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. केंद्रकाचं कार्य काय, पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांत फरक काय, एवढंच लोक विचारतात. बाईंनी हातातला गुलाबी खडू हिरव्या खडूच्या जागी ठेवला.

"हो, मग! पाहिलीय की."

"अशीच दिसते?"

"अगदी अशीच."

"गुलाबी?"

"...साधारण."

"आम्हाला दाखवाल?"

"बघू," बाई म्हणाल्या, आणि घंटा झाली. घंटेला ज्यांनी कधी मनापासून आशीर्वाद दिले नसतील, त्यांना बाईंची त्या क्षणीची अवस्था कळणार नाही.

आता खरं काय ते सांगून टाकते. बाईंनी पेशी पाहिली नव्हती. कॉलेजात साठ जणींत एक सूक्ष्मदर्शी होता. बाईंचा नंबर चव्वेचाळिसावा आणि बेचाळिसाव्या मुलीने काच फोडली. शाळेत एक सूक्ष्मदर्शी होता, चांगला पितळी, बावीस वर्षांपूर्वी घेतलेला. पण त्या काळी शाळांत महाग वस्तू वापरायला नसायची, जपायला असायची. तो लाकडी पेटीत, पेटी लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली मोठ्या कारकुनांच्या कमरेला. वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी तो बाहेर यायचा आणि टेबलावर ठेवला जायचा. समोर पाटी असायची: 'हात लावू नये.' तपासनीस लांबून मान डोलवायचे, की तो परत आत. आणि ती पाटी सुंदर वळणदार अक्षरात बाईंनीच लिहिलेली होती. हे त्यांना घरी जाताना रस्त्यात आठवलं आणि त्या फूटपाथवर एका जागी थांबल्या. मागून येणाऱ्या माणसाने "अहो आजी" म्हटलं, तो घाव वेगळाच.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे एकतीस आवृत्त्या निघाल्या, आणि मूळ प्रत तू पाहिलेलीच नाहीस?"

"चेष्टा नकोय, अहो."

"चेष्टा नाही. शुद्धिपत्र काढावं लागेल. सव्वीस दिवस आहेत ना? छापखान्यात याहून कमी वेळात काढलीत आम्ही."

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "न बघता मी देवावर विश्वास ठेवते, त्या पोरींना पेशीवर ठेवता येत नाही?" सासूबाई ऐंशीच्या होत्या, एका खुर्चीत बसून असायच्या आणि घरातलं पान त्यांच्या आज्ञेशिवाय हलत नसे. केंद्रक शिकवताना बाईंच्या डोळ्यांसमोर नेहमी त्याच येत. वर्गात मात्र त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, कारण शेजारच्या एखाददोन मुली दरवर्षी वर्गात असायच्याच.

दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या कारकुनांपुढे उभ्या राहिल्या. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत.

"सूक्ष्मदर्शी हवाय, भाऊसाहेब."

"तपासणी आली?"

"नाही. बघायला हवाय."

"सूक्ष्मदर्शीच ना? बघा की. कपाटाला काच आहे."

"त्याच्यातून बघायला."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. नोकरीत त्यांनी वस्तू बाहेर काढायची पुष्कळ कारणं ऐकली होती. हे नवीन होतं. त्यांनी छापील अर्ज काढला आणि बाईंपुढे सरकवला. "प्रयोजनाचे रकाने तीन. तपासणी, दुरुस्ती, मोडीत काढणे. बघणे नाही."

"मग दुरुस्ती लिहा."

"बिघडलाय?"

"कुणाला माहीत? कुणी बघितलंय त्यातून?"

"मग बिघडल्याचा दाखला आणा."

"तो काढल्याशिवाय बिघडलाय का ते कसं कळणार?"

"आणि बिघडल्याशिवाय काढणार कसा?" भाऊसाहेब अगदी सहानुभूतीने म्हणाले. या माणसात दुष्टपणा अजिबात नव्हता. नियम त्यांना आवडत, एवढंच. काही लोकांना मांजरं आवडतात तसे.

शेवटी प्रकरण मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेलं. त्यांनी बाईंना बसवलं, पाणी दिलं आणि आईच्या मायेने विचारलं, "या वयात हे काय काढलंत? काही फुटलं तर तुमचे निवृत्तीचे कागद अडकतील." पण बाई हलेनात. तेव्हा मोठ्या बाईंनी तोडगा काढला. 'तपासणी' या रकान्याखाली सूक्ष्मदर्शी बाहेर निघेल. तपासणी आहे म्हणजे समिती हवी. समितीत भाऊसाहेब, शिवणाच्या बाई आणि भूगोलाचे सर. जागा मोठ्या बाईंची खोली. वेळ पंधरा दिवसांनी शनिवारी, चौथा तास. एकच तास.

भूगोलाचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मला आधी विचारायचंत. जहाजावरच्या दुर्बिणीतून बघितलंय मी. तत्त्व तेच, फक्त उलटं."

आता बघायचं काय, हा प्रश्न आला. सोपं काहीतरी घ्यावं की नाही? पण बाईंचा हट्ट, की एकतीस वर्षं ज्याची गोष्ट सांगितली तेच बघायचं. बूच. आणि इथून बाईंच्या अब्रूची घसरण सुरू झाली.

बूच मिळेना. औषधांच्या दुकानात गेल्या तर बाटल्यांना प्लॅस्टिकची झाकणं. तळमजल्यावरच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे गेल्या तर त्यांनी आधी जीभ दाखवायला लावली, मग स्वप्नं कसली पडतात ते विचारलं आणि सरतेशेवटी सांगितलं की बुचं त्यांनीही बंद केली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जुन्या थर्मासचं झाकण आणून दिलं. त्या झाकणाला बूच होतं, पण त्याला बारा वर्षांच्या कॉफीचा वास होता आणि हात लावताच त्याचा भुगा झाला. "शास्त्रासाठी गेलं, सार्थकी लागलं," असं वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण थर्मासचा विषय नंतर चार वर्षं निघत राहिला.

उरला कप्तान. कप्तान म्हणजे समोरच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ. ते जहाजावर होते. जहाजावर स्वयंपाकी होते, ही गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे बुचाच्या बाटल्या असतात हे साऱ्या गल्लीला माहीत होतं आणि माहीत नसल्याचं सारी गल्ली दाखवत असे. बाईंनी पदर सावरला, दार वाजवलं आणि घसा खाकरून विचारलं, "तुमच्याकडे बूच आहे का?"

कप्तानांना इतका आनंद झाला की त्यांनी एक बाटली तिथल्या तिथे उघडली. "ताजं घ्या, बाई. शिळं नको." बूच 'फट्' करून निघालं, त्यामागून थोडं आतलंही आलं आणि बाईंच्या पर्सवर सांडलं. बाई मुठीत बूच घेऊन जिना उतरल्या, तेव्हा खाली भाजीच्या पिशव्या घेऊन वरच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. वहिनींनी आधी बाईंकडे पाहिलं, मग कप्तानांच्या दाराकडे, आणि मग नाकाने एक लांब श्वास घेतला.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. निवृत्ती जवळ आली की काहींना असं होतं, असं कुणी म्हणालं. दुसऱ्याच्या मावशीचंही असंच झालं होतं. वहिनी खास खुर्ची ओढून सासूबाईंच्या कानाशी बसल्या. "मी म्हणून सांगते, आजी. सूनबाईंना सांभाळा."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "रोज घेते का?" त्यांनी विचारलं.

"ते काही माहीत नाही, पण..."

"मग तुला माहीत काय आहे? स्वयंपाक वेळेवर होतो, शाळेला वेळेवर जाते. तुझ्या घरी न पिता होतं का एवढं?"

वहिनी गेल्यावर सासूबाईंनी सुनेला हाक मारली, पर्स मागितली, तिचा वास घेतला आणि परत दिली. "शास्त्र फार वाईट," एवढंच म्हणाल्या.

पण खरी परीक्षा पुढेच होती. बुचाचा काप इतका पातळ हवा की त्यातून उजेड गेला पाहिजे. बाईंनी नवऱ्याचं दाढीचं पातं घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी रोज शाळेतून आल्यावर बसू लागल्या. पहिला काप बिस्किटाएवढा झाला. दुसरा एका बाजूला बिस्किट, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा. पाचव्यात बोट कापलं. सातव्या दिवशी नवऱ्याने तेच पातं घेऊन दाढी केली आणि हनुवटीवर कागदाचे चार तुकडे चिकटवून छापखान्यात गेला. तिथे त्याला विचारलं, "काय हो, घरी ठीक ना?" कारण बातमी छापखान्यापर्यंत पोचली होती.

दहाव्या दिवशी तीन काप जमले, फुंकर मारली तर उडतील असे. बाईंनी ते पाठ्यपुस्तकात पेशीच्या धड्यात ठेवले. शुक्रवारी सासूबाईंनी आवराआवर म्हणून ते पुस्तक खिडकीबाहेर झटकलं. एक काप रॉबर्ट हूकच्या नावावर चिकटून राहिला होता, तेवढा वाचला.

शनिवार उजाडला. मोठ्या बाईंच्या खोलीत समिती जमली. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून वेळ लिहिली. पेटी उघडली, तशी डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की शिवणाच्या बाईंना, ज्यांना आधीच सर्दी होती, शिंकांची उबळ लागली. सूक्ष्मदर्शी बाहेर आला, नवाकोरा. आरशाशेजारी पालीची दोन अंडी निघाली. भाऊसाहेबांनी यादी तपासली. ती यादीत नव्हती, म्हणून ती टाकून देता आली.

बाईंनी काचपट्टीवर तो एकुलता एक काप ठेवला, दिव्याकडे आरसा फिरवला आणि नळीला डोळा लावला.

"काय दिसतंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काळोख."

"दुसरा डोळा मिटा," भूगोलाचे सर म्हणाले.

"मिटलाय."

"मग उघडा."

नळी खाली, नळी वर. मग काहीतरी दिसलं. लांब, काळं, वाकडं. पापणी लवली तसं तेही लवलं. ती पापणीच होती.

"हळू, हळू," भाऊसाहेब म्हणत होते, "रजिस्टरला 'अखंड' लिहिलंय मी." भूगोलाचे सर "जरा इकडे द्या" म्हणत पुढे झाले, शिवणाच्या बाई त्यांना वाट द्यायला मागे झाल्या आणि तेवढ्यात त्यांना ती शिंक आली. सगळी समिती खाली वाकून शोधू लागली. पण जो काप आरपार दिसावा म्हणून दहा दिवस खपून केला, तो सापडणार कसा?

बाई खुर्चीत बसल्या. तासाची चौदा मिनिटं उरली होती. त्यांचा चेहरा पाहून शिपाईमावशी आपल्या डब्यातला अर्धा कांदा घेऊन आल्या. "हा घ्या, बाई. पुस्तकात कांद्याचं पण आहे ना? माझ्या मुलीचं पाठांतर ऐकलंय मी."

होतं खरं. बाईंनी कांद्याच्या पाकळीच्या आतला बारीक पापुद्रा सोलला, पाण्याच्या थेंबात घाईघाईने टाकला, वर छोटी पातळ काच ठेवली आणि नळीला डोळा लावला.

आणि दिसलं! एक वाटोळं, भलंमोठं, ठसठशीत गोल. काळीभोर कड, आत लखलखीत उजेड.

"केंद्रक!" बाई ओरडल्या. तीस वर्षांत त्या खोलीत इतक्या मोठ्याने कुणी ओरडलं नव्हतं.

मग रांग लागली. मोठ्या बाई बघून म्हणाल्या, "किती शांत वाटतं नाही?" भूगोलाचे सर म्हणाले, "खग्रास ग्रहण असंच दिसतं." शिवणाच्या बाईंनी रुमाल नाकाला धरून लांबूनच बघितलं. भाऊसाहेबांनी डोळा लावला, तो बराच वेळ काढला नाही. मग रजिस्टरमध्ये लिहिलं: 'पेशी पाहिली. सुस्थितीत.' समितीने, मोठ्या बाईंनी आणि बाईंनी सह्या केल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाईंच्या जागी येणारी नवी शिक्षिका कागदपत्रं द्यायला आली होती. विशीतली, दोन वेण्या नुकत्याच सोडून एक घातलेली. बाईंनी कौतुकाने तिलाही बोलावलं. "ये गं, बघ. केंद्रक."

तिने बघितलं. मग सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. मग पुन्हा नळीतून बघितलं, कदाचित काही बदललं असेल या आशेने.

"बाई," ती खूप हळू म्हणाली, "हा हवेचा बुडबुडा आहे."

तिने वरची काच बोटाने किंचित दाबली. केंद्रक घसरत गेलं, दुसऱ्या केंद्रकाला भेटलं आणि दोघांचं मिळून एक झालं.

"वरची काच तिरकी धरून हळूहळू टेकवायची असते," ती बिचारी म्हणाली. "घाईत ठेवली की हवा राहते. सगळ्यांचंच होतं पहिल्यांदा."

घंटा झाली. समितीने एकमताने बुडबुडा पाहिला होता.

"खोडा ते, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या.

"खाडाखोड चालत नाही," भाऊसाहेब म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. पेटी बंद झाली, कपाट बंद झालं.

आता बघा, इथे गोष्ट संपवता आली असती. सरकारी कागदावर, पाच सह्यांनिशी, बाईंनी पेशी पाहिली होती. नवराही म्हणाला, "छापून आलंय म्हणजे झालं. निम्मं जग तेवढ्यावर चालतं." पण सोमवारी वर्गात शिरताना एक्केचाळीस चेहरे वर झाले आणि प्रश्नपत्रिका उभी राहिली.

"बाई, शनिवारी काढला होता ना? आम्हाला कधी दाखवणार?"

"बघू," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर चित्र काढलं नाही. रंगीत खडूंची पेटी उघडलीच नाही. तासभर नुसती उजळणी घेतली, आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता स्टाफरूमच्या खिडकीशी बसून राहिल्या. एकतीस वर्षं मुलींना 'खोटं बोलू नका' म्हणायचं आणि जाताना त्यांच्या हातात खोटंच ठेवून जायचं?

तिथे भाऊसाहेब आले. सहसा ते स्टाफरूममध्ये येत नसत.

"बावीस वर्षं ते रजिस्टर माझ्याकडे आहे," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "एक नोंद खोटी नाही. बुडबुडा पहिला."

"मी काय करू, भाऊसाहेब? अर्जात रकाना नाही."

"नाही. पण तुम्ही जाताना नव्या बाईंना चार्ज देणार. चार्ज देताना यादीतली प्रत्येक वस्तू चालू आहे असं समक्ष दाखवावं लागतं. चालवून." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठे दाखवायची आणि किती वेळ, ते नियमात लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं."

निवृत्तीच्या दिवशी नववीच्या वर्गात चार्ज दिला गेला. पेटी भाऊसाहेबांनी स्वतः उचलून आणली, लग्नातल्या करवलीने करा जपावा तशी जपत. शिपाईमावशींनी कांदा आणि प्रथमोपचाराच्या पेटीतलं आयोडीन आणलं. नव्या बाईने पापुद्रा ठेवला, काच तिरकी धरली आणि एक टोक टेकवून बाकीची हळूहळू खाली सोडली. मग ती बाजूला झाली. "आधी तुम्ही, बाई."

बाईंनी डोळा लावला. आधी धुकं. मग नळी अगदी केसभर फिरली आणि धुक्यातून एक भिंत निघाली.

विटा. लांबट, एकीला एक लागून, ओळीमागून ओळी. गुलाबी काही नाही. निळं नाही. कांद्यात हिरवं तर नसतंच, हे त्या दरवर्षी स्वतःच शिकवत आल्या होत्या. आयोडीनने सगळं फिकट पिवळं झालेलं, आणि बऱ्याचशा विटांत एका कडेला सरकलेला तपकिरी ठिपका. मधोमध नाही. कोपऱ्यात, खुर्ची टाकून बसल्यासारखा. आणि गोल तर एकही नव्हती. एकटीही नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर एकच पेशी काढली होती, ताटासारखी, सुटी, मोकळ्या अंगणात. इथे तर शेजारणीच शेजारणी, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, संपूर्ण चाळ.

त्यांनी डोळा काढला तेव्हा तो ओला होता. बराच वेळ पापणी न लवल्यामुळे, असं त्यांनी नंतर नवऱ्याला सांगितलं.

"मुलींनो," त्या म्हणाल्या. फळ्याकडे वळल्या नाहीत. "त्या दिवशी मी म्हणाले की मी पेशी पाहिलीय. ते खोटं होतं. मी आज पाहिली. आत्ता. आणि ती माझ्या चित्रासारखी दिसत नाही. चित्र परीक्षेत तसंच काढा, गुण मिळतील. पण दिसते अशी. या, रांग लावा. आणि पापणी दिसली तर ओरडू नका."

बाकं सरकली, आणि एक्केचाळीस मुलींची अशी झुंबड उडाली की भाऊसाहेबांना दोन्ही हात पसरून टेबलासमोर उभं राहावं लागलं. प्रश्नपत्रिकेचा नंबर चव्वेचाळिसावा नव्हता. ती सगळ्यांत पुढे होती. तिने इतका वेळ बघितलं की मागच्या मुलींनी तिची वेणी ओढली.

"बाई," ती बाजूला होत म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"की तुम्ही पाहिली नसेल."

"मग विचारलंस कशाला गं, मेले?"

"सगळ्यांनाच विचारतो आम्ही. भूगोलाच्या सरांना ज्वालामुखी पाहिलाय का विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दोनदा."

चार वाजता निरोपसमारंभ झाला. मोठ्या बाई बोलल्या, शिवणाच्या बाई शिंकल्या आणि रडल्या, भूगोलाच्या सरांनी विज्ञानाची कास या विषयावर बारा मिनिटं भाषण केलं. मग चहा आला. बाई मुद्दाम सरांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि बशीत चहा ओतून हळूच विचारलं:

"सर, तो दुसरा ज्वालामुखी पहिल्यापेक्षा मोठा होता का हो?"

सरांना जोराचा ठसका लागला. बाईंनी शांतपणे कपबशी खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवर थोपटलं.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "तुमच्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत."